क्रोम करडा पडतो, काळा खेळण्यातला वाटतो: मोटरसायकल मॉडेलच्या रंगकामातील जुने दुखणे आणि त्यावरचे उपाय

मोटरसायकलची स्केल मॉडेल्स, म्हणजे ठरावीक प्रमाणातल्या छोट्या प्रतिकृती, करणाऱ्या मंडळींची एक तक्रार वारंवार कानावर येते. सायलेन्सरवर किंवा मडगार्डवर क्रोमचा रंग फवारला, त्या संध्याकाळी त्यात खिडकीचे गज स्पष्ट दिसत होते, आणि चार दिवसांत तोच भाग करडा पडला. दुसरी तक्रार हिच्या जोडीनेच येते: पेट्रोलच्या टाकीचा काळा रंग चकचकीत आहे, त्यात धूळही अडकलेली नाही, तरी गाडी खरी वाटत नाही. पहिल्या तक्रारीवर लोक क्रोमची बाटली बदलतात आणि दुसरीवर काळ्याची. हे रंग महाग आहेत, बरेचसे बाहेरून मागवावे लागतात, आणि बाटली बदलूनही दुखणे जात नाही, कारण ते बहुतेक वेळा बाटलीत नसतेच. क्रोमचा दोष बहुधा त्याच्या खालच्या काळ्या थरात असतो, आणि काळ्याचा दोष तो थर कोणत्या हवेत व किती घाईने चढवला यात असतो. त्यामुळे हा लेख क्रोमपासून सुरू होत असला तरी निम्म्याहून अधिक काम काळ्याचेच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

खऱ्या गाडीवरचा क्रोम कसा तयार होतो हे लक्षात घेतले, तर पुढचे सगळे सोपे जाते. पोलादी भाग घासून, बफ मारून गुळगुळीत करतात, त्यावर विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवतात आणि सर्वांत वर क्रोमियमचा अतिशय पातळ थर येतो. शोभेच्या क्रोममध्ये हा वरचा थर साधारणतः अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर असतो, तर खालचे निकेल त्याच्या कितीतरी पट जाड असते. म्हणजे रंग क्रोमियमचा दिसतो, पण गुळगुळीतपणा खालच्या थरांचा असतो. बफिंगमध्ये राहून गेलेला ओरखडा क्रोमियम झाकत नाही, उलट उठून दाखवतो. मॉडेलवर निकेलची ही जागा काळा चकचकीत थर घेतो. क्रोमच्या रंगात अत्यंत बारीक ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांशिवाय फारसे काही नसते. थिनर, म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, उडून गेले की हे पापुद्रे खालच्या पृष्ठभागावर आडवे पसरतात, आणि तो पृष्ठभाग सपाट असेल तरच तेही सपाट बसतात.

खालचा रंग काळाच का हवा, यालाही कारण आहे. ॲल्युमिनियम त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे नव्वद टक्के प्रकाश परत फेकते, क्रोमियम मात्र साधारणतः दोन तृतीयांश. क्रोम हा मुळात थोडा गडद आणि निळसर झाक असलेला धातू आहे. पापुद्र्यांच्या पातळ थरातून खालचा काळा किंचित जाणवतो आणि ॲल्युमिनियमचा पांढरेपणा क्रोमच्या बाजूला झुकतो. खाली करडे किंवा पांढरे अस्तर असेल, तर तोच रंग नव्या ॲल्युमिनियमसारखा दिसतो.

ट्यूबलाइटची कसोटी

क्रोम करडा पडण्याचे कारण शोधताना पहिली तपासणी काळ्या थराची करावी. त्यासाठी घरातली लांब, जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट पुरेशी आहे. एलईडीचा गोल दिवा या कामाला उपयोगी पडत नाही. काळा लावलेला भाग चिमट्याने धरून ट्यूबखाली असा तिरपा करावा की तिचे प्रतिबिंब भागावर लांबवर पसरेल, आणि मग त्या प्रतिबिंबाच्या दोन्ही कडांकडे पाहावे. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ असतील, तर क्रोमसाठी पाया तयार आहे. कडा थरथरल्यासारख्या, नागमोडी दिसत असतील, तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झालेला आहे. कडा विरघळून नुसता धुरकट पट्टा दिसत असेल, तर रंग कोरडा होऊन भागावर पोहोचला आहे किंवा त्याची चमकच कमी आहे. तीनपैकी पहिली स्थिती नसेल, तर क्रोमच्या बाटलीचे झाकण उघडू नये.

ही तपासणी सर्वांत जास्त टाळली जाते. मध्यंतरी महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा 1:12 च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढ्या, गाडीचा सायलेन्सर घेऊन आला आणि म्हणाला, "काका, क्रोम तर चांगलाच घेतला होता ना, मग असा राखेवानी काऊन दिसून राहिला?" त्याने खाली सेमी-ग्लॉस, म्हणजे अर्धवट चमकीचा, काळा मारला होता. ते दाखवल्यावर त्याचा प्रश्न होता, "पण काका, वरून तर क्रोमच येणार आहे, मग खालचा चमकला काय अन् नाही काय?" बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न असतो. क्रोमचा रंग काहीही झाकत नाही. प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) कण, पॉलिश पेपरची रेघ, बोटाचा ठसा, सगळे तो मोठे करून दाखवतो. 1:12 या प्रमाणात दशांश मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा गोळा, हे गणित एकदा मनात बसले की घोटण्याचा कंटाळा येत नाही.

काळा थर कसोटीला उतरला नाही, तर तो पूर्ण वाळू द्यावा, 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घोटावा, मग 3000 नंबरचा पेपर आणि शेवटी बारीक रबिंग कंपाउंड वापरावे. गाड्यांच्या दुकानात मिळणाऱ्या चमकवणाऱ्या पॉलिशपासून मात्र या टप्प्यावर दूर राहावे. त्यांपैकी पुष्कळांत सिलिकोन असते, आणि त्याचा अंश राहिला तर रंगाचा पुढचा हात, म्हणजे थर, त्या जागेवरून सरकतो व लहान-लहान गोल डाग उघडे राहतात. घोटून झाले की भाग भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, स्वच्छ पाण्याने खळबळून काढावा आणि झाकणाच्या डब्यात वाळवावा. यानंतर त्याला उघडे बोट लावायचे नाही. हातमोजे नसतील, तर भाग आधीच काडीला किंवा मगर-चिमट्याला लावून ठेवावा.

वाळलेला दिसणे आणि वाळणे

संध्याकाळी उत्तम दिसणारा क्रोम चार दिवसांनी करडा पडतो, तेव्हा नव्वद टक्के संशय न वाळलेल्या काळ्यावर घ्यावा. काळ्याचा वरचा पापुद्रा वाळतो, हाताला कोरडा लागतो, पण आत थिनर शिल्लक असते. क्रोममधील थिनर त्या मऊ थरात शिरते, पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात सुजतो, आणि पुढील काही दिवसांत खालून बाहेर पडणारी वाफ वरच्या सपाट पापुद्र्यांना हलवते. आपल्याला वाटते क्रोम उतरला. प्रत्यक्षात त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते.

यावर सर्वांत विश्वासाची परीक्षा नाकाची आहे. भाग नाकाजवळ नेला आणि थिनरचा किंचितही वास आला, तर तो वाळलेला नाही. लॅकर जातीचा, म्हणजे लवकर वाळणारा, काळा, उदाहरणार्थ तामिया या जपानी कंपनीचा टीएस-14 किंवा एलपी-1, पातळ हातांनी मारला असेल तर साधारण दोन दिवसांत क्रोम घेण्याजोगा होतो. सावकाश वाळणाऱ्या एनॅमलला आठवडा द्यावा, आणि जाड बसला असेल तर त्याहूनही जास्त. घाई करायचीच असेल तर ती हात पातळ मारण्यात करावी. चार पातळ हात एका जाड हातापेक्षा आधी वाळतात.

घाईपोटी आपल्याकडे आणखी एक गोष्ट केली जाते, ती म्हणजे रंगवलेला भाग मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवणे. पॉलिस्टायरीन 100 अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ होत असले, तरी हँडलबार, ब्रेकचे तरफ, साइड स्टँड असे बारीक व आधीच ताण असलेले भाग त्याच्या बरेच आधी वाकायला लागतात, आणि काळा भाग उन्हात भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत भाग ठेवणे तर त्याहून वाईट. सावलीतली कोरडी, उबदार खोली यापेक्षा जास्त काही लागत नाही.

नागपूरची हवा

रंगाच्या डब्यावरील सूचना समशीतोष्ण हवा गृहीत धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला तरी ओल जाणवते. एकच थिनर आणि एकच पद्धत दोन्ही ऋतूंत चालणार नाही.

उन्हाळ्यात रंगाचा थेंब एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या लहान अवजारातून, निघून भागावर पोहोचेपर्यंतच अर्धा वाळतो. तो पसरत नाही, वाळूच्या कणांसारखा चिकटून बसतो, आणि काळा पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. यावर उपाय म्हणजे सावकाश उडणारे थिनर वापरणे (मिस्टर कलरचे लेव्हलिंग थिनर याच कामासाठी आहे), हवेचा दाब थोडा कमी करणे आणि एअरब्रश भागाच्या नेहमीपेक्षा जवळ आणणे. वेळही बदलावी. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, सकाळी सहा ते आठ या दोन तासांत जे काम होते, ते दुपारी बारानंतर होत नाही. कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर वीज साचते आणि खोलीतला प्रत्येक तंतू त्या काळ्या टाकीकडे ओढला जातो. भाग कोरड्या फडक्याने पुसला की ही वीज वाढते. म्हणून ओलसर, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसावे, आणि काम सुरू करण्याच्या अर्धा तास आधी खोलीच्या फरशीवर हलका सडा मारून धूळ खाली बसवावी.

आता कूलरविषयी, कारण नागपुरात बिघडलेल्या रंगकामाचे हे सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण आहे. बाहेर हवा कोरडी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण खिडकीत कूलर सुरू असतो आणि तो ओल्या खसमधून हवा ओढून खोलीत आर्द्रता भरत असतो. त्या खोलीत लॅकर फवारला तर थिनर उडताना पृष्ठभाग एकदम थंड पडतो, हवेतील ओल त्यावर बसते आणि काळ्यावर दुधाळ झाक येते. हीच झाक पावसाळ्यात येते तेव्हा लोक पावसाला दोष देतात. मेमध्ये आली की त्यांना रंग बनावट वाटतो. शिवाय कूलरचा झोत खसचे तंतू आणि बाहेरची धूळ सरळ ओल्या रंगावर आणून टाकतो. फवारणीच्या किमान तासभर आधी कूलर बंद करावा आणि खिडक्या उघडून ओल बाहेर जाऊ द्यावी. मेच्या उकाड्यात हे सोसणे कठीण आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे, आणि पहाटेची वेळ सुचवण्याचे दुसरे कारण तेच आहे.

दुधाळ झाक आलीच, तर भाग फेकू नये. कोरड्या दिवशी, किंवा एअर कंडिशनर असलेल्या खोलीत, त्यावर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारला की वरचा पापुद्रा पुन्हा सैल होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि बऱ्याच वेळा काळेपणा परततो. झाक खोलवर गेली असेल तर घोटून नवा हात देण्याला पर्याय नाही. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साचते; मधूनच एक थेंब थुंकल्यासारखा बाहेर येऊन भाग बिघडतो. ओलावा अडवणारा फिल्टर नळीला लावावा आणि दर काही मिनिटांनी त्याचा खालचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकावे. स्वस्तातला आर्द्रतामापक टेबलावर ठेवणे चांगले. तो सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर मी चकचकीत लॅकर मारत नाही, घोटण्याची आणि जुळवणीची कामे काढतो. दिवाळीच्या आसपासचे दिवस या कामाला सर्वांत चांगले. हिवाळ्यातल्या थंड सकाळी स्प्रे कॅनचा दाब कमी पडतो, तेव्हा कॅन थोडा वेळ कोमट पाण्यात उभा करावा. गॅसजवळ किंवा उकळत्या पाण्यात कदापि नेऊ नये.

क्रोम मारताना आणि नंतर

पाया ठीक असेल तर क्रोमचे काम थोडक्यात आटोपते. अल्क्लॅडसारखा एअरब्रशचा क्रोम 12 ते 15 पीएसआय दाबावर, भागापासून पाच-सात सेंटिमीटरवरून, धुक्याइतक्या हलक्या हातांनी मारायचा असतो. पहिल्या फेरीत काळा फक्त धुरकट होतो, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एकाएकी चमक येते. तिथेच थांबायचे. आणखी थोडा मारला की आणखी चमकेल असे वाटते आणि नेमके उलट होते. पापुद्रे एकमेकांवर आडवेतिडवे साचतात आणि चमक करडी होते. खोबणीत काळ्याची किंचित सावली राहिली तरी राहू द्यावी, ती खऱ्या गाडीवरही दिसते.

मोलोटोच्या लिक्विड क्रोमच्या पेनाची रीत वेगळी आहे. तो पातळ धुक्याने नव्हे, तर भरपूर ओला लावून स्वतःहून पसरू द्यायचा असतो, आणि एकदा लावलेल्या जागेवरून टोक परत फिरवायचे नसते. इंडिकेटरच्या कडा, हेडलाइटची रिंग, आरशांची पाठ यांसाठी तो उत्तम आहे. सुकायला मात्र तो फार वेळ घेतो, आणि कोरडा दिसत असतानाही बोट लागले तर कायमचा डाग राहतो. सपाट, लहान जागी, विशेषतः आरशाच्या काचेसाठी, चिकट बाजू असलेली धातूची फॉइल कोणत्याही रंगापेक्षा सरस ठरते. मडगार्डसारख्या दोन्ही दिशांनी वळलेल्या भागावर तिला सुरकुत्या पडतात, तिथे तिचा हट्ट धरू नये.

क्रोमवर क्लिअर, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, मारावा का, हा प्रश्न नेहमी येतो. माझे मत स्पष्ट आहे: कपाटात राहणाऱ्या मॉडेलवर मारू नये. लॅकरचा क्लिअर पापुद्र्यांना उचलतो आणि ते त्यात तरंगायला लागले की क्रोमचा साधा चंदेरी रंग होतो. पाण्यावर आधारलेला क्लिअर तुलनेने कमी बिघडवतो, पण थोडी चमक त्यानेही जाते. म्हणून जुळवणीचा क्रमच असा ठेवावा की क्रोमचे भाग सर्वांत शेवटी बसतील आणि त्यांच्यावर मास्किंग टेप लावण्याची वेळच येणार नाही. टेप निघताना क्रोम घेऊन निघते. चिकटवण्याच्या जागेवरचा रंग आधी खरवडून घ्यावा. इन्स्टंट ग्लूची वाफ आजूबाजूच्या क्रोमवर बसून पांढरी पूड उमटते आणि पुष्कळांना तो रंगाचा दोष वाटतो. तिथे दोन भागांचा इपॉक्सी, अगदी टाचणीच्या टोकाएवढा, वापरावा.

किटमधला तयार क्रोम

तामियाच्या 1:6 होंडा सीबी750 सारख्या मोठ्या किटमध्ये चारही सायलेन्सर कारखान्यातूनच क्रोम चढवून येतात. हा निर्वात पोकळीत बसवलेला ॲल्युमिनियमचा थर असतो आणि चमकतो छान, पण त्याखाली साच्याची शिवण तशीच राहते व किटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडून येतात, तिच्यातून कापलेल्या जागी प्लॅस्टिक उघडे पडते. दोन अर्धे जोडून सायलेन्सर होत असेल तर मधली रेघ लपवायला काही मार्ग उरत नाही. अशा वेळी तो क्रोम काढून टाकणे हाच सरळ उपाय. कपडे पांढरे करण्यासाठी मिळणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात भाग बुडवून ठेवले की ॲल्युमिनियम विरघळते. काही भागांना मिनिटे लागतात, काहींना तास. खाली पिवळसर लॅकर राहतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने काढता येतो. हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे. त्या द्रावणाजवळ शौचालय साफ करण्याचे आम्ल चुकूनही नेऊ नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि तो जीवघेणा असतो.

क्रोम कुठे नसावा

रंगकाम निर्दोष असूनही गाडी खोटी वाटते, तेव्हा चमकणारी प्रत्येक वस्तू क्रोमने रंगवलेली असते. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या बुलेटजवळ पाच मिनिटे थांबून पाहावे. सायलेन्सर, मडगार्ड आणि हेडलाइटची रिंग क्रोमची आहे. इंजिनाच्या बाजूची झाकणे मात्र पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमची आहेत, आणि त्यांचा रंग जास्त पांढरा, उबदार व थोडा धूसर आहे. सिलिंडरचे पंख त्याहून निस्तेज. हेडलाइटच्या रिंगमध्ये वरच्या अर्ध्यात आकाशाचा फिकट पट्टा, खालच्या अर्ध्यात रस्त्याचा गडद पट्टा आणि दोहोंच्या मध्ये क्षितिजाची बारीक, धारदार काळी रेघ दिसते. क्रोमला क्रोमपण त्या रेघेमुळे येते. म्हणून पाया आरशासारखा असेल तर वरून छाया रंगवण्याची गरज पडत नाही. खोलीच तिथे उमटते.

एकाच गाडीवर क्रोम, पॉलिश केलेले ॲल्युमिनियम, ओतीव ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट शेजारी शेजारी आले, की क्रोम आपोआप खरा वाटू लागतो. सायलेन्सरचा पाइप सिलिंडरमधून निघतो तिथे उष्णतेने निळा पडतो, पुढे जांभळट आणि त्याहून पुढे गवती सोनेरी होतो. हा क्रम उलटा रंगवलेला पुष्कळदा दिसतो. सर्वांत तापलेली, म्हणजे इंजिनाजवळची जागा निळी असते.

काळा एक नसतो

टाकीचा काळा खेळण्यातला वाटण्याचे कारण बहुधा टाकीत नसून तिच्या भोवती असते. सगळी गाडी एकाच काळ्याने, एकाच चमकीने रंगवली की डोळ्याला ती एकाच प्लॅस्टिकची वाटते. टाकी आणि बाजूच्या पेट्या खोल चकचकीत काळ्या. चासी सेमी-ग्लॉस, त्यासाठी तामियाचा एक्स-18 पुरतो. इंजिनाचे काळे भाग जवळपास मॅट. सीटचे रेक्झिन त्यांच्या मधले. आणि टायर काळा नव्हेच, तो गडद करडा, ज्यासाठी एक्सएफ-85 हा रबरी काळा मिळतो. लहान प्रमाणात शुद्ध काळा सगळा तपशील गिळून टाकतो. म्हणून टाकी वगळता बाकी काळ्यांत मी थोडा गडद करडा मिसळतो, आणि चासीच्या कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने त्याहून एक पायरी फिकट करडा ओढतो. किटचे प्लॅस्टिक मुळातच काळे असेल तरी ते तसेच सोडू नये. रंग न लावलेले प्लॅस्टिक प्रकाश थोडा आत घेते आणि लगेच ओळखू येते.

टाकीसाठी क्रम असा ठेवावा: प्रायमर, 1000 नंबरने घोटणे, काळ्याचे दोन-तीन धुक्याइतके हात आणि त्यावर एकच ओला हात. तो वाळल्यावर डिकल, म्हणजे पातळ पापुद्र्यावर छापलेली चिन्हे व अक्षरे, लावावेत. चमक नसलेल्या काळ्यावर डिकलखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक दिसते, म्हणून डिकलआधी पृष्ठभाग चकचकीत असणे आवश्यक आहे. बुलेटच्या टाकीवरील हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा करायच्या असतील, तर खरी तीन मिलिमीटरची रेघ 1:12 मध्ये पाव मिलिमीटरची होते. ती ब्रशने न ओढता डिकलची बारीक पट्टी कापून लावणे शहाणपणाचे. मग टाकीवर क्लिअरचे हात द्यावेत, आठवडाभर थांबून घोटावे आणि कंपाउंडने चमकवावे. टाकीच्या कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे पेपर फिरवू नये.

इतवारीतल्या रंगाच्या दुकानांत मोटारींसाठीचा टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) क्लिअर सुटा मिळतो, आणि त्याची खोली मॉडेलच्या कोणत्याही क्लिअरपेक्षा जास्त असते हे खरे आहे. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे, आणि एकदा श्वसनाची ॲलर्जी जडली की ती सुटत नाही. योग्य मास्क आणि हवा बाहेर फेकणारी व्यवस्था नसेल, तर घरात तो वापरू नये. त्याच दुकानांतले एनसी थिनर उघड्या पॉलिस्टायरीनवर नेऊ नये, त्यातील द्रावक प्लॅस्टिक विरघळवतात व पृष्ठभागावर तड्यांचे जाळे पडते. एअरब्रश धुण्यासाठी मात्र ते उत्तम आणि स्वस्त आहे.

करडा पडलेला भाग वाचवताना

आधीच बिघडलेला भाग हाती असेल, तर त्यावर क्रोमचा आणखी एक हात देऊन तो सुधारत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी आधी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला फिरवून पाहावी. क्रोम निघून खालचा लॅकरचा काळा जसाच्या तसा राहिला, तर संपूर्ण क्रोम असाच काढावा, भाग धुवावा, ट्यूबलाइटखाली पुन्हा तपासावा आणि वास पूर्ण गेल्यावरच नव्याने क्रोम मारावा. काडीवर काळाही येऊ लागला, तर काळा ॲक्रिलिक आहे किंवा अजून कच्चा आहे. अशा वेळी प्लॅस्टिकपर्यंत सगळे उतरवून प्रायमरपासून सुरुवात करावी. तयार मॉडेलवरची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी. क्रोमच्या भागांवर फडके फिरवू नये.